पाहुणा

“डबकं आहे ते, बाई! बुजवलं तर कुणाचं काय जातंय?” साहेबांनी अहवाल पुढं सरकवला. “जपण्यासारखं काही आढळलं नाही, एवढं लिहा. नाहीतर बदलीचा कागद तयारच आहे.” तळ्याची तपासणी करणाऱ्या बाईंच्या टेबलावरच्या बरणीत बोटभर मासा काचेला तोंड आपटत होता. असा मासा पंचक्रोशीत दुसरीकडे कुठंच नव्हता. पण बदली झाली, तर अंथरुणाला खिळलेल्या आईचं कोण करणार? बाईंनी तसं लिहून सही केली. तपासलेला जीव जिथला तिथं सोडायचा, हा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता आईलाही पाठ होता. यंदा मात्र बरणी घरी आली आणि आईच्या उशाशी खिडकीत बसली. आठवड्यानं आई म्हणाली, “पाहुणा बराच रमला गं! घरी कधी सोडणार याला?” खिडकीबाहेर मातीचा आणखी एक ट्रक तळ्याकडे वळला. बाईंनी खिडकी लावून घेतली.