एकमताने मंजूर

"मागच्या सभेत मी झोपले होते. मग ठराव एकमताने कसा झाला?"

भिंगरीने एका दमात विचारून टाकलं. वर्गातल्या मैत्रिणींनी पैजच लावली होती, हे सभेत विचारून दाखवलंस तर आठवडाभर तुझं दप्तर आम्ही वाहू. दप्तर तर सुटलं.

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. चिटणीसबाईंची पेन्सिल कागदावर थांबली.

सभा होड्यांच्या धक्क्यावरच्या माडीत भरली होती. दुपारचं ऊन नदीवर आपटून छतावर चढायचं आणि तिथे हलत राहायचं, जणू खोलीच कुठेतरी वाहत चाललीय. अध्यक्ष पलीकडच्या काठावरून होडीने आले होते, चिटणीसबाई आणि भिंगरी अलीकडून चालत. दोन्ही काठांना सोयीची म्हणून हीच खोली.

संस्था भिंगरीहूनही जुनी. सुरुवातीला दर आठवड्याला सभा व्हायची. कोण काय बोललं यावरून इतकी जुंपायची की शेवटी सगळं लिहून ठेवायचं ठरलं. पुढच्या सभेत ते वाचायचं, हजर असलेल्या प्रत्येकाने 'कायम' म्हणायचं, मगच ते खरं. आणखी एक नियम होता. सभेत नातीगोती आणायची नाहीत, पदानेच हाक मारायची. मग खजिनदार आजोबा वारले. सभा महिन्यावर गेली, मग वर्षावर, मग कधीतरीवर. मागच्या सभेला सर्वांत लहान सभासद भिंगरीच होती, आणि तिचे पाय खुर्चीवरून लोंबकळत होते. आता ती नववीत होती. पाय फरशीला टेकत होते.

त्या सभेचं इतिवृत्त अजून कायम व्हायचं राहिलं होतं. त्यात ठराव एकच: संस्थेचं काम थांबवावं, कपाट अध्यक्षांनी न्यावं, पृथ्वीचा गोल चिटणिसांनी ठेवावा. एकमताने मंजूर. उद्या एका कचेरीत कागद द्यायचे होते. त्याआधी आज तिघांनी 'कायम' म्हटलं, की संस्था संपली.

"सभासद झोपेत होत्या," अध्यक्ष सावकाश म्हणाले. "हरकत आली नाही. मग संमती आहे असं धरलं."

"कुणी धरलं?"

"आम्ही दोघांनी." चिटणीसबाई खिडकीबाहेर बघत होत्या. "त्या दिवशी आम्हा दोघांना पटलेली तेवढी एकच गोष्ट."

भिंगरीला हसू आलं. त्या दुपारचं तिला एवढंच आठवत होतं: छतावरची नदी, नदीत एक होडी, होडीत दोघं वल्ही मारताहेत, पण उलट्या दिशांना. होडी जागच्या जागी गोल गोल फिरतेय. मग कुणीतरी अंगावर कोट टाकला. कोटाला छपाईच्या शाईचा वास होता. तोच कोट आज अध्यक्षांच्या खुर्चीच्या पाठीवर होता.

येताना वाटभर तिने एकच शब्द घोकला होता. 'नाही.' तिसरी सभासद 'कायम' म्हणेना, तर इतिवृत्त अडलं, कागद अडले, संस्था वाचली. मैत्रिणी म्हणाल्या होत्या, हुकमाचं पान तुझ्या हातात आहे, वेडे.

पण आज आल्या आल्या चिटणीसबाईंनी अध्यक्षांना पेलाभर पाणी दिलं होतं, कपाळावर आठी न घालता. अध्यक्षांनी ते घेऊन होडीवाल्याचा एक पाणचट विनोद सांगितला होता, आणि चिटणीसबाई चक्क हसल्या होत्या. इतक्या निवांतपणे ते दोघं एका टेबलाशी बसलेले भिंगरीने जन्मात पाहिले नव्हते.

तिने वर बघितलं. डोळे किलकिले केले की छतावर आज दोन होड्या दिसत होत्या. दोन्ही पुढे चालल्या होत्या.

"सभासदांचा निर्णय?" अध्यक्षांनी विचारलं. आवाज जरा चिरकला.

भिंगरी उभी राहिली. नियम मोडायचा तर आजच, असं तिने ठरवलं.

"आई, बाबा, तुम्ही वेगळे व्हा," ती म्हणाली. "फक्त तेवढं 'एकमताने' खोडा. मी विरोधात होते, असं लिहा."