हरताळकेचा उपास

हरताळकेच्या कीर्तनात संयोगिता आईशेजारची खुर्ची सोडून खाली सतरंजीवर, अकरावीच्या वर्गातल्या क्रांतीजवळ येऊन बसली. क्रांतीची आई त्यांच्याच बंगल्यावर धुणंभांडी करायची.

"वर जा की," क्रांती कुजबुजली. "तुझ्या आई बघत्यात. माझ्या आईचं काम जाईल."

"मैत्रिणीजवळ बसलं म्हणून?"

"नुसती मैत्रीण हाय व्हय मी?"

संयोगिता लाजली. बुवा रंगात आले होते. नको त्या ठिकाणी लग्न ठरलं, तेव्हा सखीनं पार्वतीला हाताला धरून रानात नेलं. तिथं उपास करून पार्वतीनं शंकर मिळवला.

"तुलाबी या उपासानं चांगला नवरा मिळंल," क्रांती खाली मान घालून म्हणाली.

संयोगितानं तिचा हात घट्ट धरला. "पार्वतीला तिचा शंकर लखलाभ. मी सखीबरोबर रानातच राहीन."