फळीवरची वाटी

सशांना पाणी लागत नाही, पाल्यातलं पुरतं, हे मीच सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. दुष्काळात लातूरला हिरवा पाला मिळेना, म्हणून लेकीच्या दोन सशांना मी नुसता कोरडा कडबा घालू लागले. तेव्हापासून ते रोज पहाटे पाचला स्टीलची वाटी फरशीवर आपटायचे. दाणे टाकले तरी थांबेनात. शेवटी वैतागून मी वाटीच वरच्या फळीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी पहाटे खालच्या मजल्यावरच्या सिद्धम्माकाकू दारात आल्या. त्या भांडायच्या आत मीच म्हणाले, “काकू, वाटी काढली. आता आवाज न्हाई यायचा.” “म्हणून तर भ्याले. चार दिस पाणी मागायलती ती मुकी लेकरं, अन् आज एकदम गप!” त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या होता. आठवड्याच्या टँकरला त्यांना एकच घागर मिळालेली, मला तीन. मी स्टुलावर चढले. वाटी हाताला लागली, तरी मागं काकूंकडं वळवेना.