लाल नखं

"नखं आहेत की शोभेच्या वस्तू?" मास्तरांनी शर्ट तिच्या मशीनवर आपटला. "कॉलरची दुमड बघ! हात लावला की उलगडतेय."

या शिलाईच्या दुकानात दुमड अंगठ्याच्या नखानेच दाबायची, असा मास्तरांचा खाक्या. पट्टी नको, चमचा नको. ती मात्र महिनाभर चोरून चमच्याच्या दांड्याने दाबत होती. केमोच्या सहा फेऱ्या झाल्यापासून नखात नुसता दोरा अडकला तरी जीव कळवळायचा. पण आजारपण कळलं की तिच्या जागी दुसरी बाई बसवतील, ही धास्ती. म्हणून तिने चार महिन्यांची रजा सासूच्या दुखण्यावर खपवली होती आणि नखांवर लाल रंग चढवला होता.

"रंगरंगोटीला वेळ आहे, कामाला नाही! माझी बायकोही तशीच होती. दवाखान्याच्या वाऱ्या चालू, अंगात त्राण नाही, आणि बाईसाहेब नखं रंगवतायत! तिच्यावर ओरडून ओरडून थकलो. तू उद्यापासून येऊ नकोस."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काम गेलं ते गेलंच, आता घाबरायचं कुणाला? डाग काढायच्या थिनरची बाटली तिने ओढली, चिंधी भिजवली आणि खसाखसा अंगठा पुसला. नुसती आग आग झाली. डोळ्यांत पाणी आलं, तरी एकेक करत तिने पाचही बोटं पुसली आणि पंजा थेट मास्तरांच्या नाकासमोर धरला.

"घ्या! बघा माझी रंगरंगोटी!"

नखं काळीजांभळी पडली होती. त्यांवर आडव्या खाचा होत्या. अंगठ्याचं नख तर अर्ध्याहून जास्त उचकटलं होतं, एका कडेला कसंबसं धरून होतं.

"केमोने होतं हे," ती म्हणाली. "दुमड दाबा म्हणे!"

बाकीची मशीनं थांबली. मास्तरांनी ती चिंधी उचलली. ते चिंधीवरच्या लाल डागाकडे बघत राहिले.

"केमो चालू असताना माझी बायकोही लालच लावायची," ते पुटपुटले. "मला कधी पुसून दाखवलं नाही तिने."

तिचा राग तसूभरही उतरला नव्हता.

"तुम्ही ओरडायचं थांबला असतात, तर दाखवलं असतं तिने."