बिनफेसाची बिअर

चौलच्या वरदने घरी केलेली बिअर दोनदा बिनफेसाची, सपक निघाली. फेस आणणारी साखर कमी पडत असेल म्हणून तिसऱ्या खेपेला त्याने ती काट्यावर मोजून बाटल्यांत घातली. "या वेळी फेस येणारच बघ," असा धीर त्याला बायकोनेच, क्षिप्राने दिला.

दहाव्या दिवशी तो ऑफिसातून दुपारीच परतला, तर माळ्यावरून फुस्स, फुस्स असा आवाज येत होता. तो वर गेला. क्षिप्रा एकेका बाटलीचं झाकण उघडून आतला गॅस सोडत होती आणि झाकण पुन्हा घट्ट लावत होती.

वरदने माळ्याच्या दारातूनच विचारलं, "म्हणजे आधीच्या दोन्ही वेळाही तूच?"



"ही जमली की तू नोकरी सोडशील," उरलेली शेवटची बाटली उघडत ती म्हणाली.