लेकीच्या हातचा केक

सुरी केकमधून खाली उतरली, टाळ्या पडल्या, आणि नव्या नवरीनं, रेणूनं, पहिला तुकडा नवऱ्याला न देता आईकडे वळवला. निर्मलाबाईनं तोंड उघडलं. घास ओठांपर्यंत आला आणि—

"अगं बाई, शुगर!"

निर्मलाबाईची नणंद. सुलोचनाबाईनं स्टेजवर पुढं घुसून रेणूचं मनगट धरलं. घास तिथंच, हवेत.

"निर्मला, तुले शुगर हाये ना? कायले जीभ सोडून राहिली?"

"जरासाच हाये, अक्काजी."

"जरासा जरासा करूनच लोकं दवाखान्यात जाते."

माइकवाल्या निवेदकाला अशी संधी रोज मिळत नाही. "मंडळी, सासूबाईंना केक नको! जावईच इतका गोड मिळाला, अजून काय पाहिजे?"

शहापूरच्या त्या लॉनवर दोन्हीकडचे पाहुणे हसले. निर्मलाबाईची साखर पार हायवेपर्यंत ऐकू गेली.

हसणाऱ्यांना कुठलं ठाऊक! संध्याकाळी खोलीचं दार लावून तिनं बोट टोचलं होतं, आकडा पाहिला होता. जेवताना भात घेतला नव्हता. बुंदी घेऊन आलेल्याला ताटावर हात आडवा धरून परत पाठवलं होतं. वांग्याची भाजी, अर्धी पोळी, ताक. बस. एका बोटभर तुकड्याची जागा तिनं राखून ठेवली होती, डॉक्टरांना विचारून. ही जागा तिची होती.

रेणूनं मनगट सोडवलं. घास पुन्हा ओठांपर्यंत आला आणि—

"काकू, खाऊ नका," फोटोग्राफर म्हणाला. "नुसता तोंडापाशी धरा. फोटोत खाल्ल्यासारखंच दिसते."

खाल्ल्यासारखं.

मधुकररावांनी, म्हणजे निर्मलाबाईच्या नवऱ्यानं, फेटा सावरत तिच्या कानाशी तोंड आणलं. "जाऊ दे ना वं. लोकं पाहून राहिले. फोटो काढ अन् उतर खाली."

"लोकं सकाळी बी पाहून राहिले होते," निर्मलाबाई म्हणाली. हळू नाही.

"सकाळचं आता काय काढलं?"

"सकाळी शुगरची गोळी घेऊन बसली होती मी. मुहूर्त वेळेवर लागंल म्हनून. नवरदेवाची वरात नाक्यावर नाचून राहिली, नाचूनच राहिली. कन्यादान झाल्याबिगर मायबापानं खाऊ नाही म्हने! डोळ्यापुढं अंधारी आली त पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला. तो कोनं हिसकला, अक्काजी?"

"मंग! पोरीच्या कन्यादानाले खाऊन बसते का कोनी?"

"तवा मले शुगर नव्हती?"

सुलोचनाबाईनं मधुकररावांकडे पाहिलं. मधुकररावांना काहीतरी बोलणं भाग होतं. "मी बी त उपाशीच होतो."

"तुम्ही आचाऱ्यापाशी उभे राहून वडे खात होते. मीठ पाहाले."

वरपक्षात कुणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"पानी सोडताना माहे हात लटलटा कापत होते. घामानं पोलकं भिजलं होतं. अन् तुम्ही सारेजन काय म्हनत होते? मायचं काळीज हाये! काळीज नव्हतं ते. साखर उतरली होती. मेली असती तिथं, तरी म्हनलं असतं, लेकीसाठी झुरून गेली. अन् आता बोटभर केकाले साऱ्यायले माही तब्येत आठवली!"

फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला. निवेदक जवळच उभा होता. माइक कुणापुढं धरावा ते त्याला कळेना, म्हणून त्यानं तो मधल्यामधेच धरून ठेवला. केकचं क्रीम वितळून रेणूच्या मेंदीवरून मनगटाकडे निघालं होतं.

"आई," रेणू म्हणाली. "मले समजलं होतं."

"काय?"

"तुहे हात. माह्या हाताखाली होते ना. बर्फासारखे थंडे पडले होते." "मी बोलली नाही. भटजी मंत्र म्हनून राहिले होते. सारे बसले होते. मले वाटलं, आता कन्यादान होऊनच जाईल."

निर्मलाबाईनं लेकीकडे पाहिलं. मुंडावळ्यांच्या आड डोळे भरलेले, ओठांवरची लाली तशीच कोरडी, आखीव.

मग तिनं स्वतःच मान पुढं केली आणि लेकीच्या बोटांतून तुकडा घेतला. केक काही फार चांगला नव्हता. क्रीम तुपकट होतं, आत नुसता भुसा. तरी तिनं तो घाई न करता, सगळा, चावून चावून खाल्ला. फोटो काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

खाऊन झाल्यावर तिनं पदराचं टोक घेतलं आणि रेणूचं मनगट पुसलं, लहानपणी नाक पुसायची तसं, जरा जोरातच.

"तिकडं गेल्यावर अशी गप राहू नोको," ती म्हणाली.

म्हणाली हळूच. पण माइक हाताच्या अंतरावर होता. शब्द वरपक्षाच्या खुर्च्यांवरून, जेवणाच्या टेबलांवरून, गेटपर्यंत गेले.

निवेदकानं बोलायला तोंड उघडलं. मग अंगठ्यानं माइकचं बटण चाचपडलं, आणि ते बंद केलं.