ओबकाठचा कावळा

"हा कावळा चालेल का, गुरुजी?" सुलभाबाईंनी फोन बर्चच्या झाडाकडे वळवला. फांदीवर राखाडी अंगाचा, काळ्या डोक्याचा सायबेरियन कावळा बसला होता.

"चालवून घ्यायचा. आपला कावळा हिमालय कुठे ओलांडतो? ओलांडला तो आपण माणसांनीच."

उन्हाने मराठवाडा रिकामा केला, तेव्हा सुलभाबाई आणि त्यांचे यजमान दिगंबरराव ओब नदीच्या काठी येऊन राहिले होते. आज दिगंबररावांचा दहावा होता.

बर्फावर पिंड ठेवून बराच वेळ झाला. कावळा नुसता बघत होता. सुलभाबाईंनी अस्थी परभणीला नेण्याचा शब्द दिला, तरी तो हलला नाही.

"दर्भाचा कावळा करून शिववा आणि मोकळ्या व्हा," गुरुजी फोनवरून म्हणाले.

तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची गालिना काहीतरी बोलली. कानातल्या यंत्राने ते मराठीत सांगितलं. "तो जमिनीवरचं खात नाही. तुमचे यजमान त्याला रोज हातावर भरवायचे."

सुलभाबाईंना हे ठाऊकच नव्हतं. त्यांनी हातमोजा काढला, पिंड तळहातावर घेतला आणि हात पुढे केला.

"या."

कावळा मनगटावर उतरला. त्याच्या गार नख्या कातडीत रुतल्या. ते गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांना कुणीतरी शिवलं होतं.